सणांची नावे जपणारे केहीमकर

विद्यार्थी मित्रांनो, रोजा, रमजान, काजी हे शब्द तुमच्या नेहमीच्या कानांवरचे आहेत. कोकणातील ज्यू लोकही हेच शब्द वापरत असत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली, ती हाईम शमुवेल केहीमकर यांच्यामुळे.

कोल्हापूरहून आंबा घाट उतरला, की कोकण लागते. तेथून किनाऱ्याने उत्तरेकडे गेलात, तर अलिबागजवळ किहीम हे गाव भेटेल. केहीमकर हे आडनाव या गावावरूनच पडले. जवळच नवगाव आहे. फार पूर्वी तेथे एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे परंपरा सांगते. त्यांचे वंशज स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. ते मराठी बोलू लागले, तेल गाळू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत.

त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरले नव्हते. हिब्रू भाषाही ते विसरले होते. ज्यू धर्मशास्त्राच्या विद्वानाला रब्बी म्हणतात. असे रब्बीही त्यांच्यात नव्हते. धर्मकार्ये काजी पार पाडत. पण सण मात्र कोणी सोडले नाहीत. वर्षारंभाला ते नव्याचा सण म्हणत. त्यानंतर खिरीचा सण येई; तेव्हा नारळाच्या रसात खीर शिजे. पापांची क्षमा मागण्याच्या दिवशी सारे उपवास करत आणि घराची दारे बंद ठेवत. तो दरफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. जेरुसलेमचे पवित्र मंदिर पाडले गेले, त्या दुःखाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा. कारण त्या वेळी जेवणात वालाचे बिरडे असे. एका पूर्ण महिन्याच्या उपवासांना तर ते रमजानच म्हणत.

पुढे दावीद राहाबी नावाच्या विद्वानाने त्यांना हिब्रू शिकवले, अशी आठवण हा समाज सांगतो. एकोणिसाव्या शतकात कोचीनहूनही शिक्षक आले. प्रार्थना शुद्ध झाल्या. रोश हशाना, योम किप्पूर ही हिब्रू नावे रूढ झाली. हे चांगलेच झाले. पण जुनी नावे मागे पडू लागली. त्यातच बाहेरून आलेले काही ज्यू शंका घेत, की हे मराठी बोलणारे लोक खरे ज्यू आहेत काय?

केहीमकरांचा जन्म 1830 सालचा. ही शंका त्यांना बोचत असे. त्यांनी भांडण केले नाही. दोन कामे केली. मुंबईत 1875 साली त्यांनी आपल्या सोबत्यांसह इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तेथे हिब्रू शिकवण्याची सोय झाली. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसरे काम होते लेखनाचे. आपल्या समाजाचे सण, उपवास, लग्नाच्या चालीरीती आणि जुन्या आठवणी गोळा करून त्यांनी इंग्रजीत मोठा इतिहास लिहिला. 1897 च्या सुमारास तो पुरा झाला. ग्रंथ नसतानाही आपल्या लोकांनी धर्म कसा जपला, याचा पुरावाच त्यांनी जगापुढे ठेवला.

पण हे पुस्तक छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. तोवर केहीमकरांना जाऊन जवळजवळ तीन दशके लोटली होती. पुढे बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला जाऊन स्थायिक झाली. कोकणातील घाणे थांबले, घरे रिकामी झाली. पण बिरड्याचा रोजा आणि खिरीचा सण हे शब्द पुस्तकात राहिले.

मित्रांनो, तुमचे आजी-आजोबाही सणांची, पक्वान्नांची काही जुनी नावे घेत असतील. ती आजच त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारे माणूस नेहमीच जवळ असते असे नाही.