रमाबाई रानडे आणि आपले मत

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे. तिच्यासाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून दे, असे मंडळातल्या भगिनींनी मला सांगितले. मी काही लेखिका नव्हे. सातवीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन या गावी आले आणि संसाराला लागले. पण मिळेल ते वाचायची सवय लहानपणापासून आहे. त्या जोरावर हे धाडस करीत आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

निवडणूक आली की आपल्या गल्लीत दुसरा विषय नसतो. कोण उभे, कुणाचे चिन्ह काय, कोण किती मतांनी आले आणि कोण किती मतांनी पडले, हे भाकरी थापता थापता आपणही बोलतो. परंतु बाईला हे मत मिळाले कसे, ते तिच्यासाठी कुणी मागितले, हे बोलणे सहसा निघत नाही. म्हणून मी रमाबाई रानडे यांचे चरित्र निवडले. २०१२ साली दूरदर्शन संचावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागत असे, तेव्हापासून रमाबाई आपल्या घरोघरी ओळखीच्या झाल्या आहेत. पण साठीला टेकल्यावर बायकांच्या मतासाठी त्यांनी केलेली खटपट पुष्कळ जणींना ठाऊक नसेल.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे पन्नास वर्षांनी, १९१३ साली, याच गावी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. ते मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषदेचा कायदा झाला आणि आपल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. एकाच लहान गावाने आपल्या मतदानाशी संबंध असलेली ही दोन माणसे दिली, याचे मला मोठे नवल वाटते.

रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात रीत नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवरदेव होते माधवराव रानडे. वय एकतीस, पहिली पत्नी नुकतीच वारलेली, पुण्यास न्यायाधीशाच्या हुद्द्यावर. माधवराव विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा ते आता एखाद्या विधवेशीच लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही आणि लहान कुमारिकेशी लग्न केले म्हणून त्यांना लोकांची बोलणी खावी लागली. त्यांनी मनाशी एक गोष्ट मात्र पक्की केली, ती म्हणजे या मुलीला शिकवायचे. लग्न होऊन मुलगी घरी आली, तिला वाचता येत नाही असे कळले, आणि लगेच त्यांनी पाटी पुढे ठेवली.

हे शिकणे सोपे नव्हते. घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ, आणि सुनेने पुस्तक हाती धरावे हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. दिवसभर टोमणे, अबोला, मुद्दाम सांगितलेली कामे. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. दिवसा घरकाम आणि रात्री धडा, असे वर्षानुवर्षे चालले. आधी मराठी, मग इतिहास, भूगोल, गणित, आणि त्यानंतर इंग्रजी. इंग्रजीवरून तर घरात फारच वादळ झाले. पण हळूहळू रमाबाई पतीला वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागल्या.

माधवरावांची बदली नाशिकला झाली तेव्हा तिथल्या एका शाळेच्या समारंभात रमाबाईंना चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला. त्यांचे हे पहिलेच जाहीर भाषण, आणि ते माधवरावांनी लिहून दिलेले होते. मैत्रिणींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे मला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. त्यावरून घरात बोलणी बसत, तरी जाणे थांबले नाही. मुलींसाठी पुण्यात हायस्कूल हवे अशी मागणी पुढे आली तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांपुढे उभे राहून इंग्रजीत भाषण वाचले. १८८४ मध्ये ती शाळा निघाली. पुण्यात ज्या शाळेला हुजूरपागा म्हणतात तीच ही. १८९३ मध्ये माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तिथे रमाबाईंनी बायकांचे मंडळ जमवले आणि भाषा, सामान्यज्ञान, शिवण असे वर्ग चालवले. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गाची ती थोरली बहीणच म्हणायची.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाईंचे वय तेव्हा ३८. मूलबाळ नाही. ज्यांच्या सावलीत सगळे आयुष्य गेले ती सावली सरली. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसून दिवस काढावेत असाच रिवाज होता. तशा त्या बसल्या असत्या तर कुणीही त्यांना नाव ठेवले नसते. पण त्या उठल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०८ मध्ये मुंबईस सेवासदन निघाले, आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यास. विधवा, टाकलेल्या आणि गरीब बायका तिथे शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. परक्या माणसांची शुश्रूषा करणे हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, अशी तेव्हा समजूत होती. रमाबाईंनी एकेका घरी जाऊन लोकांची मने वळवली. सोलापुरात सेवासदनची शाळा आजही आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली तिथे शिकल्या.

१९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणींचे पुस्तक छापले. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटायला जात. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या मुली घेऊन त्या वारकरी बायकांच्या सेवेला उभ्या राहत. त्याच आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दरवर्षी आपल्या माळशिरसला मुक्काम करते. आपण मंडळाच्या बायका तिथे पाणी, चहा आणि औषधे देतो तेव्हा रमाबाईंचाच वसा चालवतो, असे मला वाटते.

आता मताची गोष्ट. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने एक कायदा झाला. त्याने नगरपालिकांना आपल्या गावात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुण्याच्या नगरपालिकेत प्रश्न निघाला की ही सक्ती कुणासाठी करायची. पैसा थोडा, म्हणून आधी मुलांसाठी करावी, मुलींचे मागाहून पाहू, असा पुष्कळांचा कल होता. रमाबाई आणि त्यांच्यासारख्या बायका १९२० च्या सुमारास मोर्चा काढून रस्त्यावर आल्या. सभा झाल्या, त्यांत विरोधही झाला. शेजारच्या मुलीने शाळेत जायचे की नाही हे ज्या सभेत ठरायचे, तिथे बोलायला एकही बाई नव्हती.

याच सुमारास कौन्सिलाच्या मताचाही प्रश्न आला होता. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंबरोबर बायकांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांप्रमाणे बायकांनाही मत द्या असे त्यांनी मागितले. १९१९ चा कायदा झाला, त्यात ते मिळाले नाही. प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलाने हवे तर ठराव करून द्यावे, असे म्हणून सरकारने आपले अंग काढून घेतले. मुंबई इलाख्यात ही मागणी लावून धरण्यात रमाबाई पुढे होत्या. वय साठीला आलेले. त्यांनी सभा घेतल्या, बायकांना एकत्र आणले, पुरुषांना समजावले. बाई मत द्यायला गेली तर घर कोण पाहील, तिला राजकारणातले काय कळते, मर्यादा कशी राहील, असे आक्षेप तेव्हा घेतले जात. आजही ते कुठे कुठे ऐकू येतात. १९२१ मध्ये मद्रासने ठराव केला आणि त्याच साली मुंबईच्या कौन्सिलानेही केला. १९२३ च्या निवडणुकीत आपल्या इलाख्यातल्या बायकांनी कौन्सिलासाठी मत दिले. तेव्हा मत जमीनजुमला आणि कर यांवर असे. म्हणून अशा बायका थोड्याच होत्या. निवडणुकीस उभे राहण्याची बंदी तर १९२६ पर्यंत उठली नव्हती. ते पाहायला रमाबाई राहिल्या नाहीत. १९२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६२ मध्ये, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

स्वराज्य आले, घटना झाली आणि प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळाले. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांना मत देता आले नाही. यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद झाली, आणि अशी नोंद यादीत चालेना. त्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. पण आपल्याकडेही बाईचे नाव लग्नात बदलते. रमाबाईंचेही बदलले. तरी बदललेले का होईना, ते नाव त्यांनी स्वतःचे केले.

आता आपल्या गावाकडे येते. राज्यात १९९० पासून स्थानिक निवडणुकांत बायकांना राखीव जागा मिळू लागल्या. १९९३ पासून घटनेनेच एक तृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. माळशिरसला नगरपंचायत आहे, तिच्या १७ जागांतही निम्मा वाटा बायकांचा. पण गल्लीत लागलेल्या फलकावर उमेदवार बाईपेक्षा तिच्या मालकांचा फोटो मोठा असतो, हे आपण सर्वजणी पाहतो. निवडून आल्यावर लोक काम सांगायला मालकांकडेच जातात. आणि मत देणारीचे काय? मी या गावी सून म्हणून आले, पहिल्यांदा मत द्यायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी दारात थांबवून चिन्ह सांगितले. त्यांना ते मामंजींनी सांगितले होते. त्यांच्या काळी तशीच चाल होती, त्यांना मी बोल लावीत नाही.

अशा उमेदवार बायकांची आपण थट्टा करतो, त्यांना नावापुरत्या म्हणतो. मला ती थट्टा पटत नाही. नाशिकचे भाषण मी ध्यानात ठेवा म्हटले होते ते यासाठी. एवढ्या थोर रमाबाईंचेही पहिले भाषण नवऱ्याने लिहून दिलेले होते. दुसऱ्याच्या शब्दांनी आरंभ करण्यात कमीपणा नाही. माधवरावांनी शिकवले ते बायकोने एक दिवस स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून. रमाबाई त्या पहिल्या कागदापाशी थांबल्या नाहीत, आणि पतीच्या मागे तेवीस वर्षे स्वतःच्या बुद्धीने चालल्या. ज्या घरात बाईला उभे करतात त्या घरच्या पुरुषांनी तिला सभेचा कागद वाचायला, हिशेब समजून घ्यायला, अधिकाऱ्याशी बोलायला शिकवावे, आणि मग बाजूला व्हावे. बाईनेही सही करण्याआधी कागद वाचण्याचा हट्ट धरावा. घरात दोन दिवस बोलणी बसतील. रमाबाईंना तर कित्येक वर्षे बसली.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या हळदीकुंकवाला मतदारयादी आणून ठेवावी आणि प्रत्येकीने आपले नाव बरोबर आहे का ते स्वतः वाचून पाहावे. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावे, आणि तिथूनच तिला अक्षरे शिकवायला लागावे. आपल्या वॉर्डातून ज्या उभ्या राहतील त्यांना, मग त्या कोणत्याही पक्षाच्या असोत, मंडळात बोलावून नळाच्या पाण्याचे, गटारीचे आणि मुलींच्या शाळेचे प्रश्न विचारावेत. उत्तर त्यांनीच द्यावे, मालकांनी नव्हे. अडखळल्या तरी हसू नये, थांबावे. त्यानंतर कुणाला मत द्यायचे हे ज्या त्या बाईने आपल्या मनाशी ठरवावे.

रमाबाईंच्या पुण्यस्मृतीस वंदन करून आणि आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो अशी विठूरायाचरणी प्रार्थना करून माझा लेख पुरा करते.