कार्ल लिनियस

कार्ल लिनियस (२३ मे, १७०७ – १० जानेवारी, १७७८) हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ व वैद्य होते. सजीवांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली.

जीवन

लिनियस यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट येथे झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते व त्यांना बागकामाची आवड होती. लुंड व उप्साला येथे लिनियस यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १७३२ मध्ये लॅपलँडचा प्रवास करून त्यांनी तेथील वनस्पतींचा अभ्यास केला. १७३५ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांचा 'सिस्टेमा नातुराए' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. उप्साला येथेच त्यांचे निधन झाले.

नामपद्धती

त्यापूर्वी वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णनच असे. 'स्पेसीज प्लांटारम' (१७५३) या ग्रंथात लिनियस यांनी प्रत्येक वनस्पतीला प्रजातिवाचक व जातिवाचक असे दोनच शब्द दिले. भारतीय वनस्पतींसाठी त्यांनी 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचाही आधार घेतला. वनस्पतींची आजची शास्त्रीय नावे सर्वसाधारणपणे १७५३ पासूनच ग्राह्य मानली जातात.

नावांतील बदल

नावांत स्थैर्य यावे, हा या पद्धतीचा मोठा लाभ होता. तरीही लिनियस यांनी दिलेली अनेक नावे पुढे बदलली. त्यांचे वर्गीकरण मुख्यतः पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवर आधारलेले होते. नंतरच्या अभ्यासकांनी आप्तसंबंधांना महत्त्व दिल्याने अनेक जाती दुसऱ्या प्रजातींत गेल्या. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजातीचा असल्याने अशा वेळी तो बदलावाच लागतो. याखेरीज, एकाच वनस्पतीला दोन नावे दिली गेल्याचे आढळल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरले जाते.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी बाभूळ हे याचे ठळक उदाहरण आहे. लिनियस यांनी तिला 'मिमोसा निलोटिका' म्हटले. पुढे ती 'अकेशिया निलोटिका' झाली. आप्तसंबंधांच्या अभ्यासातून अकेशिया प्रजातीचे विभाजन झाले आणि २००५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींच्या गटासाठी राखले गेले. त्यामुळे बाभूळ आता 'व्हॅचेलिया निलोटिका' या नावाने ओळखली जाते. मात्र 'निलोटिका' हा शब्द कायम राहिला असून, नावापुढील कंसात लिनियस यांचे आद्याक्षर आजही लिहिले जाते.

वारसा

लिनियस यांचा वनस्पतिसंग्रह लंडनच्या लिनियन सोसायटीत जतन केलेला आहे. एखादे जुने नाव नेमके कोणत्या वनस्पतीचे, हे ठरवताना त्यातील नमुने आजही पडताळले जातात.