दोन कासवांचे जनक : ग्रे वॉल्टर

संगणकाच्या तासाला लोगो भाषेतले कासव पडद्यावर फिरवताना तुम्ही आम्हाला विचारता, याला कासव का म्हणतात? उत्तर विल्यम ग्रे वॉल्टर यांच्या चरित्रात आहे.

१९१० साली अमेरिकेत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये वाढलेले वॉल्टर हे मेंदूतील विद्युतलहरींचे संशोधक. १९४८-४९ साली ब्रिस्टल येथे त्यांनी एल्मर व एल्सी ही यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकात प्रकाश व स्पर्श ओळखण्याची सोय आणि अवघे दोन व्हॉल्व्ह. तरीही ती मंद प्रकाशाकडे जात, अडथळा लागला की वळत आणि बॅटरी उतरली की आपल्या घरकुलात परतून चार्ज होत. मोजक्या साध्या नियमांतून सजीवासारखे वागणे घडू शकते, हे त्यांनी दाखवले. पुढे अमेरिकेत सेमूर पॅपर्ट व सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी जमिनीवर फिरणारा यंत्रमानव केला. त्यालाही कासव हेच नाव मिळाले.

१९७० साली स्कूटरच्या अपघातात या मेंदूच्या अभ्यासकाच्या मेंदूलाच गंभीर इजा झाली. १९७७ साली ते निवर्तले. मोठा प्रोग्रॅम पाहून घाबरलात, तर दोन व्हॉल्व्हची ती कासवे आठवा आणि पहिला साधा नियम लिहा, एवढेच आमचे सांगणे.