नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा, मृत्यू : ९ मे १९१९, मुंबई) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि संपादक होते. निसर्ग आणि बालजीवन यांवरील कवितांमुळे ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि त्या जिल्ह्यातील राहुरी येथे गेला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

प्रारंभीचे जीवन

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्यावर आई जानकीबाई यांच्या भक्तिभावाचा आणि काव्यप्रेमाचा संस्कार झाला. आईच्या निधनानंतर ते नाशिकला आले व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई या नावाने प्रसिद्ध झाल्या. शिक्षकी, कीर्तन, प्रवचन, लेखन असे नाना उद्योग करीत टिळक गावोगाव फिरले. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले.

धर्मांतर

जातिभेदाने दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणणारा धर्म कोणता, हा प्रश्न टिळकांना तरुणपणापासून अस्वस्थ करीत होता. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली. तिच्यातील गिरिप्रवचनाने ते भारावून गेले. दीर्घ विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्टांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या नातलगांकडे राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट सुमारे साडेचार वर्षे चालली. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या. प्रारंभी त्यांनी आपला सोवळ्याओवळ्याचा आचार वेगळा सांभाळला. टिळकांनी त्यांच्यावर मताची सक्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरमधील कार्य

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. तेथे टिळकांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८४२ मध्ये नगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून केले. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनाच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. बालकवी ठोमरे काही काळ टिळकांच्या घरी राहिले होते.

विचार

ख्रिस्ती होणे म्हणजे परकीय होणे नव्हे, ही टिळकांची मूलभूत भूमिका होती. धर्म बदलला तरी त्यांनी आपले नाव, भाषा आणि राहणी बदलली नाही. संतवाङ्मय, विशेषतः तुकारामांची अभंगवाणी, ही ख्रिस्ताकडे जाणारी आपली वाट होती, असे ते मानीत. म्हणून पाश्चात्य चालींवरील अनुवादित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांना उपासनेत स्थान दिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे.

राजकीय दृष्टीने ते देशाभिमानी होते. ख्रिस्ती समाजाने राज्यकर्त्यांच्या आश्रयाला न राहता देशबांधवांच्या सुखदुःखाशी एकरूप व्हावे आणि मंडळीचे नेतृत्व भारतीयांच्या हाती यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे सनातनी त्यांना परधर्मी समजत, तर काही ख्रिस्ती मंडळींना ते फारच हिंदू वाटत.

साहित्य

'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू', 'माझी भार्या' या त्यांच्या उल्लेखनीय कविता होत. 'अभंगांजली' मध्ये त्यांची भक्तिपर रचना आहे. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून सुमारे अकरा अध्यायांपर्यंतच झाले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली.

देवाचा दरबार आणि अखेर

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारली. सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असे हे मंडळ असावे, ही त्यामागील कल्पना होती. मिशनच्या चौकटीपेक्षा ही कल्पना व्यापक होती. पण ती रुजवण्यासाठी त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.