सदू शिंदे : सात कसोटींचा लेगस्पिनर

क्रिकेटपटूंची नावं सांगा म्हटलं की कौंडण्यपुरातली पोरंही सचिन, धोनी, विराट म्हणतात. एकदा त्यांना सदाशिव शिंदे यांच्याबद्दल सांगून पाहा.

सदूंचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईचा. ते लेगस्पिन टाकायचे, मधूनच गुगली. १९४३-४४ च्या रणजी सामन्यात ते महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध खेळले. समोर विजय मर्चंट, नाबाद ३५९! वीस वर्षांच्या या पोरानं त्या डावात ७५ षटकांवर गोलंदाजी केली आणि १८६ धावांत ५ बळी घेतले. चिकाटी म्हणतात ती ही.

२२ जून १९४६ ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी. तिथं गंमत म्हणजे बॅट चालली. रुसी मोदींबरोबर शेवटच्या जोडीनं ४३ धावा काढल्या.

मग नोव्हेंबर १९५१, दिल्ली. तोवर भारतानं एकही कसोटी जिंकली नव्हती. शिंदेंनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ वर आटोपला. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. भारताला २१५ ची आघाडी. विजय दिसत होता. पण दुसऱ्या डावात शिंदेंच्या गोलंदाजीवर झेल सुटले, वॉटकिन्स नाबाद १३७ करून ठाण मांडून बसला आणि सामना अनिर्णित राहिला. पहिला विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला. त्या संघात शिंदे नव्हते.

शेवटची कसोटीही लॉर्ड्सवरच, जून १९५२. विषमज्वरानं ते गेले तेव्हा वय फक्त ३१. तारीख पाहा, २२ जून १९५५. मागे पत्नी आणि लहान मुली. त्यांपैकी प्रतिभाताईंचे पती शरद पवार पुढं भारतीय क्रिकेट मंडळाचे आणि आयसीसीचेही अध्यक्ष झाले.

आता वर्गासाठी एक काम. सात कसोटींत शिंदेंनी ७१७ धावा देऊन १२ बळी घेतले. सरासरी काढायला लावा : ५९.७५. मग दिल्लीचा तो पहिला डाव वजा करून पुन्हा काढू द्या. ६२६ धावा, ६ बळी, सरासरी १०४.३३. प्रथम श्रेणीच्या ७९ सामन्यांत मात्र २३० बळी आहेत, तेही फळ्यावर लिहा. आणि दिल्लीत सुटलेले झेल या गणितात कुठं मांडायचे, हे पोरांनाच विचारा.