सायकल दुरुस्तीपासून किर्लोस्करवाडीपर्यंत

जामसांवलीच्या वाटेवर जुनी मोटारसायकल उघडून बसलेला मुलगा दिसला की आम्हाला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकताना रंग ओळखण्यातील दोष आड आला. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले.

तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींची विक्री व दुरुस्ती केली. या कामात हात बसला आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर घडले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. लक्ष्मणराव खचले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

आम्हा नोकरदारांना त्यांची ती सोडलेली नोकरी आजही विचारात पाडते. आपल्या मुलांनी बिघडलेले यंत्र भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहावे, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना!