लाकडी रॅकेटची शिकवण : लीला राव-दयाल

आजची टेनिस रॅकेट हलकी, कार्बनच्या धाग्यांची आणि रुंद तोंडाची असते. लीला राव खेळत त्या काळी बहुतेकांच्या हाती लाकडी रॅकेट असे.

लीलाबाईंचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. वडील डॉ. राघवेंद्र राव हे नामांकित डॉक्टर, तर आई पंडिता क्षमा राव. क्षमाबाई लहान असतानाच त्यांचे वडील, वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित, वारले. तरीही त्यांनी विद्येचा ध्यास सोडला नाही. त्यांचे 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य १९३२ साली पॅरिसला छापले गेले. टेनिसही त्या उत्तम खेळत. अशा घरात पुस्तक आणि रॅकेट यांचे वैर नव्हते.

लाकडी रॅकेट वजनाला सुमारे चारशे ग्रॅम, आणि तोंड आजच्या रॅकेटच्या दोनतृतीयांश. चेंडू नेमका मध्यावर बसला तरच फटका साधे. जरा बाजूला लागला की मनगटाला हिसका बसे. म्हणून पाय आधी हलवावे लागत, खांदा वेळेवर वळवावा लागे. दमट हवेत लाकूड वाकू नये यासाठी खेळ संपला की ती स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. चूक न लपवणारे हे साधन होते.

अशाच रॅकेटने १९३४ साली विम्बल्डनला लीलाबाईंनी ग्लॅडिस साउथवेल यांना हरवले. पहिला सेट हातचा गेला होता, तरी त्यांनी पुढचे दोन जिंकले. विम्बल्डनला सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढच्या फेरीत मात्र फ्रान्सच्या इडा अदामोफ यांनी त्यांना हरवले. भारतातील राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यांनी अनेकदा पटकावले. पुढे आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटके लिहिली.

विम्बल्डनमधून लाकडी रॅकेट १९८७ नंतर दिसेनाशी झाली. तरी काही प्रशिक्षक आजही थोडा वेळ ती शिष्यांच्या हाती देतात. चेंडू कुठे लागला हे हाताला लगेच कळते. मात्र लहान मुलांना ते वजन झेपत नाही, हे विसरू नये.

पालकहो, साखरशेतसारख्या गावी टेनिसचे मैदान नसले तरी हा धडा आपलाच आहे. मुलीच्या हाती पुस्तक द्या, खेळायलाही सोडा. आणि तिची चूक झाकू नका, ती तिलाच सुधारू द्या.